ऑपरेशन ठरलंय? कागदावरचे आणि वॉर्डातले शब्द समजून घेताना

घरातल्या कुणाचं ऑपरेशन ठरलं की पैशांची जुळवाजुळव होते, रजा टाकली जाते, रात्री कोण थांबणार आणि डबा कोण आणणार हे ठरतं. शब्दांकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. राऊंडला आलेले डॉक्टर दोन मिनिटांत चार वाक्यं बोलून पुढच्या खाटेकडे जातात, नातेवाईक मान डोलावतात आणि मग हळूच सिस्टरला विचारतात, ‘काय म्हणाले हो डॉक्टर?’ वॉर्डात हे रोज दिसतं. आणि काळजी वाटते, कारण ऑपरेशनच्या बाबतीत प्रत्येक शब्दामागे काहीतरी ठरलेलं असतं. काय काढणार, काय ठेवणार, कुठली गोळी बंद करायची, किती वेळ उपाशी राहायचं. शब्द कळला नाही, तर आपण कशाला ‘हो’ म्हटलं हेच कळत नाही.

सगळ्याच ऑपरेशनांबद्दल इथे लिहिता येणार नाही. म्हणून उदाहरण म्हणून पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन धरू. घरोघरी होणारं आहे आणि त्यात बहुतेक सगळे शब्द भेटतात. एक वही किंवा मोबाइलमधली एक नोंद फक्त या कामासाठी ठेवा. न समजलेला शब्द ऐकू आला तसा तिथे देवनागरीत लिहा, स्पेलिंगची फिकीर करू नका.

पहिली गोष्ट: ऑपरेशनचं नाव शेवटून वाचा

फाइलवर लिहिलेलं नाव लांबलचक असतं: लॅपरोस्कोपिक कोलेसिस्टेक्टॉमी. हॉस्पिटलमध्ये बोलताना याचं ‘लॅप कोली’ होतं. अशा नावात पुढचा भाग अवयव सांगतो आणि शेपूट कृती सांगतं. आपल्याला आधी शेपूट कळायला हवं.

‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढून टाकणं. अपेंडिसेक्टॉमीत अपेंडिक्स जातं, हिस्टरेक्टॉमीत गर्भाशय जातं, कोलेसिस्टेक्टॉमीत पित्ताशय जातं. नुसतं ‘टॉमी’ म्हणजे चीर देऊन उघडणं. लॅपरोटॉमी म्हणजे पोट उघडणं, आत काय करणार हे त्या शब्दात नाही. ‘ऑस्टॉमी’ म्हणजे बाहेर तोंड तयार करणं: कोलोस्टॉमीत आतड्याचं तोंड पोटावर आणतात आणि तिथे पिशवी लावतात, ट्रॅकिओस्टॉमीत गळ्यातून श्वासासाठी वाट करतात. टॉमी, ऑस्टॉमी आणि एक्टॉमी कानाला सारखेच वाटतात, पण रुग्णाच्या पुढच्या आयुष्यावरचा त्यांचा परिणाम अगदी वेगळा आहे. म्हणून ऐकू आलेला शब्द डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

‘स्कोपी’ म्हणजे दुर्बिणीनं पाहणं, ‘ग्राफी’ म्हणजे चित्र काढणं, ‘प्लास्टी’ म्हणजे दुरुस्ती किंवा नवी घडण, ‘राफी’ म्हणजे शिवणं. सगळ्यात जास्त घोळ अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टीत होतो. ग्राफीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र निघतं, अडथळा कुठे आहे ते दिसतं, तिथे काम संपतं. प्लास्टीत तो अडथळा फुग्यानं रुंद करतात आणि बहुतेक वेळा स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी, बसवतात. ‘बाबांची अँजिओ झाली’ एवढ्यानं काहीच कळत नाही. पुढच्या डॉक्टरांना सांगताना शेपटासकट सांगा.

हे शब्द ग्रीक-लॅटिन असले तरी कृतीनुसार ऑपरेशनांची वर्गवारी आपल्याकडे जुनीच आहे. सुश्रुतसंहितेत आठ शस्त्रकर्मं सांगितली आहेत: छेद्य, भेद्य, लेख्य, वेध्य, एष्य, आहार्य, विस्राव्य आणि सीव्य. छेद्य म्हणजे कापून वेगळं करणं, तीच एक्टॉमी. भेद्य म्हणजे चिरून उघडणं, ती टॉमी. लेख्य म्हणजे खरवडणं, आजच्या क्युरेटिंगसारखं. विस्राव्य म्हणजे साठलेला स्राव किंवा पू वाहून जाऊ देणं. गळवाला चीर देऊन पू काढतात त्याला वॉर्डात ‘आय अँड डी’ म्हणतात, ते हेच. सीव्य म्हणजे शिवणं. संस्कृत ओळखीचं असेल तर या आठांशी जोडून लक्षात ठेवणं सोपं जातं.

आता मराठीतल्या एका शब्दाबद्दल सावध राहा: पिशवी. ‘पिशवी काढायची आहे’ हे वाक्य पित्ताशयाबद्दलही बोललं जातं आणि गर्भाशयाबद्दलही. लघवीच्या नळीला लावलेली पिशवी असते ती आणखी वेगळी. गावाकडून आलेल्या आजींना ‘पिशवी काढणार’ सांगितलं की त्या कुठली समजून बसतील, सांगता येत नाही. अवयवाचं नाव घेऊन, हात लावून दाखवून सांगा.

खड्यांचंही तसंच. मूतखडा फोडून किंवा दुर्बिणीनं काढतात आणि मूत्रपिंड जागेवर राहतं. पित्ताशयाच्या नेहमीच्या ऑपरेशनमध्ये मात्र खड्यांसकट अख्खं पित्ताशय काढतात, कारण ते ठेवलं तर खडे पुन्हा होऊ शकतात. पित्त तयार होतं यकृतात, पित्ताशयात ते फक्त साठतं, त्यामुळे ते काढल्यावरही पचन चालू राहतं. ‘फक्त खडे काढा, पिशवी राहू द्या’ असं अनेक जण सांगतात. त्यामागचा गैरसमज इथे ऑपरेशनच्या आधीच दूर व्हायला हवा. खडा पित्तनलिकेत सरकला असेल तर ‘एमआरसीपी’ आणि ‘ईआरसीपी’ हे दोन शब्द येतील. पहिला म्हणजे एमआरआयच्या मशीनवर काढलेलं नलिकेचं चित्र, नुसती तपासणी. दुसऱ्यात तोंडातून दुर्बीण घालून नलिकेतला खडा काढतात. ती प्रोसिजर आहे, तिला वेगळी संमती लागते.

रिपोर्ट वाचताना अडवणारे शब्द

‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगलं, असं आपण एरवी धरतो. रिपोर्टात पॉझिटिव्ह म्हणजे जे शोधत होते ते सापडलं. गाठीच्या रिपोर्टात ‘मार्जिन निगेटिव्ह’ लिहिलं असेल तर काढलेल्या तुकड्याच्या कडेला आजार दिसला नाही, म्हणजे हवी तीच बातमी.

‘अ‍ॅक्यूट’ म्हणजे गंभीर नव्हे, अचानक सुरू झालेलं. ‘क्रॉनिक’ म्हणजे बराच काळ चाललेलं. शब्दाच्या शेवटी ‘आयटिस’ असेल तर त्या अवयवाला सूज किंवा दाह आहे: कोलेसिस्टायटिस, अपेंडिसायटिस. ‘बिनाइन’ म्हणजे कर्करोगाची नसलेली गाठ, ‘मॅलिग्नंट’ म्हणजे कर्करोगाची. ‘एनएडी’ लिहिलं असेल तर दोष आढळला नाही. ‘के/सी/ओ डीएम, एचटीएन’ म्हणजे रुग्णाला मधुमेह आणि रक्तदाब आधीपासून आहे. हे विम्याच्या कागदांतही पाहिलं जातं, त्यामुळे खरं आहे ना ते तपासा. डाव्या-उजव्याची खूण प्रत्येक कागदावर जुळते का पाहा, ‘आरटी’ उजवं आणि ‘एलटी’ डावं.

‘इलेक्टिव्ह’ म्हणजे तारीख ठरवून करायचं ऑपरेशन, आवडीचं किंवा अनावश्यक असा त्याचा अर्थ नाही. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह मॅनेजमेंट’ म्हणजे तूर्त ऑपरेशन न करता औषधांवर पाहू.

फिटनेस आणि आधीच्या गोळ्या

भूलतज्ज्ञ ऑपरेशनआधी जी तपासणी करतात तिला ‘पीएसी’ म्हणतात, बोलताना ‘फिटनेस’. रक्त, ईसीजी, छातीचा एक्स-रे, वय आणि आजारानुसार टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. फाइलवर ‘एएसए २’ किंवा ‘एएसए ३’ असा आकडा दिसेल. ती भूल देण्याच्या दृष्टीनं तब्येतीची प्रत आहे. १ म्हणजे निरोगी माणूस, २ म्हणजे आटोक्यातला साधा आजार, ३ म्हणजे हालचालींवर मर्यादा आणणारा आजार, आणि पुढे जोखीम वाढत जाते.

या भेटीत घरच्यांनी सांगायच्या गोष्टी: रोजच्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट, आयुर्वेदिक काढे आणि चूर्णंसुद्धा, कुठल्या औषधानं पुरळ किंवा सूज आली होती का, आधी भूल दिली तेव्हा काही त्रास झाला होता का, तंबाखू-विडी-दारू, हलणारे दात आणि कवळी. तंबाखू आणि दारू सासऱ्यांसमोर कशी सांगायची म्हणून सुना गप्प बसतात. डॉक्टरांना बाजूला बोलावून सांगा, पण सांगा.

‘रक्त पातळ होण्याच्या गोळ्या’ हा शब्द घरात सगळ्यांना माहीत असतो, पण त्यात बरंच काही येतं: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, असिनोकुमारॉल आणि नवी औषधं. यातल्या काही ऑपरेशनआधी काही दिवस थांबवतात, काही मुद्दाम चालू ठेवतात. स्टेंट बसवलेल्या माणसानं स्वतःच्या मनानं गोळी बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. मधुमेहाच्या काही गोळ्याही आधी थांबवाव्या लागतात. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही नावं पाकिटावर असतील तर मुद्दाम दाखवा. ‘कुठली गोळी कुठल्या तारखेपासून बंद, कुठली ऑपरेशनच्या सकाळीही घ्यायची’ हे तोंडी ऐकू नका, लिहून घ्या.

एनबीएम: तोंडाने काही नाही

खाटेच्या डोक्याशी ‘एनबीएम’ची पाटी लागते. भूल दिल्यावर खोकला आणि गिळणं यांची नैसर्गिक राखण थांबते. पोटात अन्न असेल तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. त्याला ‘अ‍ॅस्पिरेशन’ म्हणतात आणि ते जिवावर बेतू शकतं. साधारण नियम असा आहे: हलकं जेवण किमान ६ तास आधी, तेलकट-तळलेलं असेल तर ८ तास किंवा जास्त, तान्ह्या बाळाला आईचं दूध ४ तास आधीपर्यंत, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. तुमच्या रुग्णालयानं यापेक्षा कडक वेळ दिली असेल तर तीच पाळायची.

चूक होते ती चहात. ‘घोटभर चहा दिला, जेवण थोडंच दिलंय’ असं प्रेमानं सांगणारी माणसं भेटतात. दूध घातलेला चहा इथे पाण्यात मोडत नाही, जेवणात मोडतो. बिस्किट तर नक्कीच. चुकून दिलंच असेल तर लपवू नका. ऑपरेशन काही तास पुढे जाईल, एवढंच.

त्याच सकाळी ‘पार्ट प्रिपरेशन’ होतं, म्हणजे ऑपरेशनच्या जागेचे केस काढून ती साफ करतात. दागिने, नेलपॉलिश, कवळी काढून ठेवायला सांगतील. मंगळसूत्र काढायला बायकांचा जीव होत नाही, पण रक्तस्राव थांबवण्यासाठी विजेचं उपकरण वापरतात, त्यात धातूमुळे भाजण्याचा धोका असतो.

भुलीचे प्रकार

‘जनरल’ म्हणजे पूर्ण भूल. रुग्ण झोपतो, घशातून नळी घालतात आणि श्वास मशीनवर देतात. नळी घालणं म्हणजे ‘इंट्युबेशन’, काढणं म्हणजे ‘एक्स्ट्युबेशन’. दुसऱ्या दिवशी घसा दुखतो तो त्यामुळे. ऑपरेशन चालू असताना व्हेंटिलेटर असणं यात घाबरण्यासारखं काही नाही. ऑपरेशन संपल्यावरही व्हेंटिलेटर ठेवला असेल तर मात्र कारण विचारा.

‘स्पायनल’ म्हणजे कमरेतून सुई देऊन खालचं अंग बधिर करणं. रुग्ण जागा असतो, काही तास पाय हलत नाहीत. हे आधी सांगितलं नसेल तर आजोबा ‘माझे पाय गेले’ म्हणून घाबरतात. नंतर उठून बसल्यावर डोकं फार दुखत असेल आणि आडवं झाल्यावर कमी होत असेल तर तसंच, त्याच शब्दांत सांगा. ‘एपिड्युरल’मध्ये पाठीत बारीक नळी ठेवून औषध देत राहतात. ‘ब्लॉक’ म्हणजे हात किंवा पाय एवढाच भाग बधिर. ‘लोकल’ म्हणजे जागेपुरती भूल.

संमतीपत्र: इथे घाई करू नका

सही करण्याआधी कागदावर चार गोष्टी शोधा: ऑपरेशनचं पूर्ण नाव, अवयव आणि बाजू, भुलीचा प्रकार, आणि ‘अँड/ऑर’, ‘एसओएस’, ‘प्रोसीड’ अशा शब्दांनी जोडलेलं आणखी एखादं ऑपरेशन. ‘लॅप कोली एसओएस ओपन’ असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ, दुर्बिणीतून सुरू करू, पण गरज पडली तर पोट उघडून करू. याला ‘कन्व्हर्ट करणं’ म्हणतात. चिकटलेले अवयव, जास्त रक्तस्राव, नलिका नीट न दिसणं अशी त्याची कारणं असतात. कन्व्हर्ट केलं म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही. सुरक्षित राहण्यासाठी घेतलेला तो निर्णय असतो.

‘हाय रिस्क कन्सेन्ट’ हा शब्द ऐकला की घरात रडारड होते. या रुग्णाला नेहमीपेक्षा धोका जास्त आहे, एवढं तो सांगतो. नेमका कशाचा धोका, हृदयाचा, फुप्फुसाचा की किडनीचा, हे विचारून घ्या.

या कागदावरच्या शब्दांचं वजन किती आहे ते सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ मधल्या एका निकालात दिसतं. एका सज्ञान महिलेनं तपासणीसाठीच्या लॅपरोस्कोपीला संमती दिली होती. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. स्कोपीची संमती होती, झाली एक्टॉमी. न्यायालयानं सांगितलं की तपासणीसाठी दिलेली संमती उपचारासाठी धरता येत नाही, आणि रुग्ण सज्ञान व सक्षम असताना, जीव वाचवण्याची तातडी नसेल, तर नातेवाइकाची सही पुरेशी नाही. त्यामुळे आईचं ऑपरेशन असेल आणि ती शुद्धीत असेल, तर तिच्या ऐवजी मुलानं परस्पर सही करू नये. आईला तिच्या भाषेत समजावू द्या, तिला प्रश्न विचारू द्या, सही किंवा अंगठा तिचाच असू द्या.

ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दाराबाहेर

आत नेताना रुग्णाला पुन्हा पुन्हा नाव, वय आणि कुठलं ऑपरेशन ते विचारतील. ‘यांना माहीतच नाही का?’ असं वाटून रागावू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये आणलेल्या सुरक्षा-यादीचा हा भाग आहे. भुलीआधी ‘साइन इन’, चीर देण्याआधी ‘टाइम आउट’, आणि बाहेर येण्याआधी ‘साइन आउट’, ज्यात अवजारं आणि गॉज (रक्त टिपायचे जाळीदार कापडाचे तुकडे) मोजून पूर्ण आहेत ना ते पाहतात. रुग्णानं उत्तर स्वतः द्यावं, शक्यतो कुणी मध्ये बोलू नये.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि छोट्या छिद्रांमधून अवजारं घालतात. त्या छिद्रांना ‘पोर्ट’ म्हणतात. भारतात या पद्धतीनं पित्ताशय काढण्याची सुरुवात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी केली. आज तालुक्याच्या गावातही हे ऑपरेशन होतं. उरलेल्या वायूमुळे श्वासपटल डिवचलं जातं आणि नंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो. पोटाचं ऑपरेशन आणि दुखतोय खांदा, म्हणून नातेवाईक गोंधळतात. हे सहसा आपोआप थांबतं, तरी सांगायचं, कारण खांदा आणि छातीच्या दुखण्याची इतरही कारणं असतात.

बाहेर येऊन डॉक्टर म्हणतात, ‘पेशंट स्टेबल आहे.’ या शब्दावर समाधान मानू नका. स्टेबल म्हणजे नाडी, रक्तदाब, श्वास या क्षणी घसरत नाहीत. रक्तदाब टिकवायला औषध चालू असेल तरी स्टेबल म्हणता येतं, तेव्हा ‘सपोर्टवर’ किंवा ‘आयनोट्रोपवर’ असा शब्द जोडून येतो. म्हणून पुढचा प्रश्न विचारा: औषधाच्या आधारानं स्टेबल आहेत की आधाराशिवाय?

वॉर्डात: नळ्या, वारा आणि दुखणं

फाइलवर ‘पीओडी’ आणि पुढे आकडा असतो. ऑपरेशनचा दिवस पीओडी ०, दुसरा दिवस पीओडी १. ‘तिसऱ्या दिवशी जेवण’ म्हणजे नेमकं कधी, यावरून वाद नको असेल तर या आकड्यानं विचारा.

रुग्णाला कुठकुठल्या नळ्या आहेत ते पहिल्याच संध्याकाळी मोजून घ्या. हाताला सलाईनची सुई, ती ‘आयव्ही’ किंवा ‘व्हेनफ्लॉन’. लघवीची नळी, ती ‘कॅथेटर’ किंवा ‘फॉलीज’. नाकातून पोटात गेलेली ‘रायल्स ट्यूब’, बोलताना ‘आरटी’. हीच अक्षरं वर उजव्या बाजूसाठी आली होती, त्यामुळे कागदावर संदर्भ पाहूनच अर्थ लावा. पोटातून बाहेर आलेली आणि पिशवीत स्राव गोळा करणारी ती ‘ड्रेन’. ड्रेनमध्ये किती आलं आणि रंग कसा, हे दोन्ही महत्त्वाचं असतं. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर तिथे हिरवट-पिवळं पाणी दिसलं तर ते पित्त असू शकतं, लगेच सिस्टरला दाखवा. पिशवी स्वतः रिकामी करू नका, मोजमाप चुकतं. ‘इनटेक-आउटपुट’च्या कागदावर पाणी किती प्यायलं आणि लघवी किती झाली ते मिलिलिटरमध्ये लिहितात, त्यामुळे घरचा डबा-पाणी दिल्यावर तेही सांगायचं.

सकाळी राऊंडला प्रश्न येतो, ‘फ्लेटस पास झाला का?’ आजोबा डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहतात. शेजारी बसलेल्या मुलानं ‘आजोबा, वारा सरला का?’ असं विचारलं की लगेच मान हलते. आतडी पुन्हा चालू झाल्याची ती खूण आहे. त्यावरून पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर खाणं कधी सुरू करायचं ते ठरतं: आधी ‘सिप्स’, म्हणजे चमचा-चमचा पाणी, मग ‘लिक्विड’, मग मऊ भात-वरण. लाजून खोटं ‘हो’ सांगू नये.

आता दुखण्याबद्दल. इथे आपलं मराठी इतकं समृद्ध आहे की त्याचा पुरेपूर उपयोग करायला हवा, आणि बहुतेक जण मात्र ‘पेन होतंय’ एवढंच सांगून थांबतात. ठणका वेगळा, कळ वेगळी. ठणका किंवा ठसठस म्हणजे नाडीबरोबर उसळणारं दुखणं. जखमेत पू होत असेल तर असं वाटू शकतं. कळ येते आणि जाते, पोटात मुरडा मारल्यासारखी. आतडं किंवा नलिका अडली असेल तर अशा कळा येतात. चमक विजेसारखी जाते, ती नसेची असू शकते. जळजळ, आग, टोचणं, ओढ लागणं, रग लागणं, जड वाटणं, मुंग्या येणं, बधिर होणं, हे सगळे वेगवेगळे अनुभव आहेत आणि डॉक्टरांना ते वेगवेगळे हवे असतात. ‘चक्कर’ म्हणतानाही आजूबाजूचं फिरतंय की डोळ्यांपुढे अंधारी येतेय ते सांगा. कणकण आणि हुडहुडी भरून आलेला ताप यांतही फरक आहे. छातीत दाब येत असेल, घाम फुटला असेल, तर ‘गॅस झालाय’ असं स्वतःच निदान करून सांगू नका. जे जाणवतं तेच सांगा.

सिस्टर विचारतील, ‘शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?’ पुष्कळ आजी ‘सहन होतंय गं’ असं म्हणतात. त्याऐवजी खोकताना, कुशीवर वळताना, दीर्घ श्वास घेताना किती दुखतं ते विचारा. दुखण्यामुळे श्वास वरवर घेतला गेला तर छातीत कफ साठतो, म्हणून दुखणं सोसण्यात फायदा नाही. तीन छोट्या चेंडूंचं ‘स्पायरोमीटर’ देतात ते फुप्फुसं फुगवण्यासाठी, ते ओढायचं असतं, फुंकायचं नसतं.

औषधांच्या कागदावरची अक्षरं

ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा. एचएस झोपताना. एसओएस गरज पडली तरच. स्टॅट म्हणजे आत्ता लगेच. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. पीओ तोंडाने, आयव्ही शिरेतून, आयएम स्नायूत, एससी त्वचेखाली. ‘१-०-१’ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ‘सीएसटी’ म्हणजे चालू औषधं तशीच ठेवा.

डोळ्यांच्या कागदांवर ‘ओडी’ म्हणजे उजवा डोळा असतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या थेंबांच्या बाटल्या घेताना हा घोळ टाळा: कुठल्या डोळ्यात, दिवसातून किती वेळा, दोन्ही वेगळं विचारा.

पैशांचे शब्द, थोडक्यात

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार बसतात. त्यासाठी रुग्णालय ‘अंगीकृत’, म्हणजे योजनेत सामील असलेलं, हवं, ऑपरेशन यादीत हवं. तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला, भरती होण्याआधी भेटा, किंवा १५५३८८ वर विचारा. खासगी विम्यात ‘प्रीऑथ’ म्हणजे आधीची मंजुरी, ‘टीपीए’ म्हणजे दावा हाताळणारी मधली संस्था, ‘को-पे’ म्हणजे आपला ठरलेला वाटा. सगळ्यात महाग पडतो तो ‘रूम रेंट लिमिट’. मर्यादा ४,००० रुपयांची असून ८,००० ची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत डॉक्टर आणि ओटीच्या खर्चाचाही निम्माच भाग मिळतो. भरती होतानाच खोलीचा निर्णय घ्या.

महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. ते कुठे लावलंय ते बघून वाचा.

डिस्चार्ज आणि त्यानंतर

‘डिस्चार्ज समरी’ हातात आली की निघायची घाई होते. पाच मिनिटं बसून वाचा. ‘डायग्नोसिस’मध्ये आजार, ‘प्रोसिजर’मध्ये झालेलं ऑपरेशन. संमतीपत्रावरच्या नावाशी ते जुळतं का पाहा, वेगळं असेल तर विचारा. ‘अ‍ॅडव्हाइस’मध्ये पथ्य, औषधं आणि ‘फॉलोअप’ची तारीख. ‘डामा’ किंवा ‘लामा’ लिहिलं असेल तर वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेलं असा त्याचा अर्थ, आणि नीट सोडलेल्या रुग्णाच्या कागदावर तो शब्द असता कामा नये.

टाके विरघळणारे आहेत की काढायचे, हे विचारायचं राहून जातं. काढायचे असतील तर चेहऱ्याचे साधारण ५ दिवसांत, पोटाचे ७ ते १० दिवसांत, हातापायांचे १० ते १४ दिवसांत काढतात. स्टेपल म्हणजे धातूच्या पिना, त्या वेगळ्या अवजारानं काढतात. पट्टी ओली करायची की नाही, आंघोळ कधी, वजन कधी उचलायचं, हेही लिहून घ्या. घरी गेल्यावर ताप, जखमेतून पू किंवा वास, न थांबणारी उलटी, पोटरीला सूज आणि दुखणं, धाप, यांपैकी काही दिसलं तर तारखेची वाट पाहू नका. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर डोळे पिवळे होणं, लघवी गडद आणि शौच पांढरट होणं हेही त्यातच येतं.

‘स्टेंट’ या शब्दाकडे मुद्दाम लक्ष द्या. हृदयातला स्टेंट कायमचा असतो. मूतखड्याच्या ऑपरेशननंतर ठेवलेला ‘डीजे स्टेंट’ तात्पुरता असतो आणि काही आठवड्यांत काढावाच लागतो. दुखायचं थांबलं म्हणून माणसं तो विसरतात, मग त्याच्यावरच खडे जमतात आणि काढणं अवघड होऊन बसतं. ईआरसीपीत बसवलेल्या प्लास्टिकच्या स्टेंटचंही तसंच. काढायची तारीख समरीवर नसेल तर तिथल्या तिथे लिहून मागा.

शेवटचा कागद नंतर येतो. काढलेला अवयव ‘हिस्टोपॅथॉलॉजी’ला पाठवतात. ‘पीस तपासायला पाठवलाय’, ‘बायोप्सीला दिलाय’ असं कुणी म्हणालं की घरच्यांच्या मनात कर्करोगच येतो. पित्ताशय काढलं की ते तपासायला पाठवण्याची पद्धतच आहे. रिपोर्टात बहुतेकदा ‘क्रॉनिक कोलेसिस्टायटिस’ असं येतं, म्हणजे जुनी सूज. पण क्वचित काही वेगळं निघतं, आणि तो रिपोर्ट लॅबच्या खिडकीवर पडून राहिला तर कुणालाच कळत नाही. टाके दाखवायला जाल त्या दिवशी तो घ्या, डॉक्टरांना वाचायला द्या आणि समरीबरोबर एकाच फाइलमध्ये लावा. इनडोअर केसपेपरच्या प्रती हव्या असतील तर लेखी अर्ज करा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार त्या ७२ तासांत द्यायच्या असतात, आणि भरती रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवायचे असतात.